पद्मिनीबाईंचं अठरा महिन्यांचं वर्ष

…तर पद्मिनीबाई मला म्हणाल्या, "अप्पा, टिक नीट मारा. सैनिकांचे बूट आहेत हे, वाण्याची यादी नव्हे!" काल इथवर आलो होतो आणि सूनबाईंची जेवायला हाक आली. आज मी आधीच जेवून बसलोय, त्यामुळे आता तुमची सुटका नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. पद्मिनीबाई म्हणजे माझ्या मुलाच्या घरापासून तिसऱ्या घरात राहणाऱ्या बाई. वय छप्पन, माहेर साताऱ्याचं, यजमान रवींद्र एका विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. गाव डब्लिन, आयर्लंडातलं नव्हे, ओहायोतलं, कोलंबस शहराला चिकटलेलं. इथं एका मैदानात सिमेंटची माणसाएवढी मक्याची कणसं उभी केलीत आणि लोक गाड्या थांबवून त्यांच्याबरोबर फोटो काढतात. खरा मका थोडं पुढं शेतात डुलत असतो, त्याला कुणी विचारत नाही. अशा गावात बसून पद्मिनीबाई स्वीडन देशाच्या सैन्याचा पंचाहत्तर वर्षांचा खर्च उतरवून काढत होत्या. त्या स्वीडनला कधी गेल्या नाहीत आणि जाणारही नाहीत. थंडी त्यांना ओहायोचीच पुरते.

हा उद्योग त्यांच्याकडे आला म्हशींमुळे. हसू नका, खरंच सांगतो.

लग्नाआधी त्या साताऱ्यात जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात होत्या. पशुगणनेचे तक्ते त्यांच्याकडे. गावोगावच्या गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या कागदावर येऊन त्यांच्या टेबलावर थांबायच्या. एकदा माण तालुक्यातल्या एका गावाच्या शेळ्या मागच्या गणनेइतक्याच निघाल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. साहेब म्हणाले, "असतील हो, शेळ्याच त्या." बाई दुसऱ्या दिवशी एसटीनं त्या गावात हजर! तिथल्या गणकानं मागचा आकडा उतरवून दिला होता आणि गणनेच्या आठवड्यात तो मेव्हण्याच्या लग्नाला गेला होता. बाईंनी स्वतः दारोदार फिरून शेळ्या मोजल्या. एक बोकड शिंगं रोखून अंगावर आला, तर त्यालाही मोजूनच बाजूला झाल्या.

पुढं चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात लग्न झालं आणि अठ्ठ्याण्णवला त्या इकडे आल्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. परवानगी मिळाली तोवर मुलगी सिया शाळेत जायला लागलेली, आणि ती कॉलेजात गेली तोवर बाई पन्नाशीला टेकलेल्या. सत्तावीस वर्षं त्या रवींद्रची मिसेस आणि सियाची आई ह्या दोन नावांवर जगल्या. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र प्रसादाची पाकिटं त्याच मोजायच्या, आणि एक जरी कमी निघालं तरी आरती थांबायची.

मंडळातच त्यांना इला भेटली. इला क्लीव्हलंडची, जन्म इथलाच, वय चौतीस, कोलंबसच्या एका विद्यापीठात प्रोफेसर. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र अर्ध्यावर इंग्रजीत वळून. तिला जुन्या छापील पुस्तकांतून आकडे उतरवून घेणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत तिनं विचारलं, "काकू, एक्सपीरियन्स?"

"म्हशी," बाई म्हणाल्या. आणि शेळ्यांची गोष्ट सांगितली.

इला खुर्चीतून उठली म्हणे, आणि तिथल्या तिथं वर्षाची नेमणूक दिली. तेव्हापासून बाईंना विद्यापीठात एक टेबल, एक दिवा आणि एक पाटी मिळाली. पाटी प्लास्टिकचीच, पण तिच्यावर नाव त्यांचं एकटीचं. रवींद्ररावांनी तिचा फोटो काढून साताऱ्याला पाठवला, तर मेव्हण्यानं उलट विचारलं, "पगार किती?" असो.

आता हे स्वीडनचं काय प्रकरण आहे तेही सांगतो, कारण मलाही ते बाईंनीच शिकवलं.

आमच्या गावात शिवारावर एक राखणदार असायचा. रानडुकरं हाकलायचा आणि दर खळ्यावर त्याला पायलीभर ज्वारी मिळायची. दोन वर्षं डुकरं आली नाहीत, की लोक म्हणायचे, हा करतो काय? नुसता झोपतो. ज्वारी आधी अर्ध्यावर, मग पसाभर, मग बंद. राखणदार वैतागून पुण्याला निघून जायचा आणि त्याच हंगामात डुकरं हजर! मग सरपंच पुण्याला, हातापाया पडून त्याला परत आणायला. दोन पायली कबूल करून!

देशोदेशीचं तसंच आहे. रशियाची भीती होती तेव्हा, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, स्वीडन आपल्या शंभराच्या कमाईतले जवळपास चार सैन्यावर घालत होता. पुढं भीती ओसरली, तसे ते उतरत उतरत एकावर आले. सक्तीची सैनिकी भरती बंद केली. समुद्रात त्यांचं गोटलंड नावाचं बेट आहे, तिथलं ठाणंही उठवलं. मग शेजारात पुन्हा डुकरं दिसायला लागली. ठाणं परत, भरती परत, आणि आता आकडा पुन्हा दोनाच्या वर. मी हे राखणदाराचं उदाहरण दिलं तेव्हा पद्मिनीबाई म्हणाल्या, "अप्पा, हे इलाला सांगू नका. ती पुस्तकात घालेल आणि राखणदाराचं नाव विचारेल."

एकूण खर्चाचे तक्ते जगात तयार मिळतात. इलाला हवा होता आतला बारीक हिशेब, सैनिकांच्या जेवणावर किती, बुटांवर किती, गणवेशावर किती. बजेटावरनं देशाची भीती कळते, पण ताटावरनं माणसाची किंमत कळते, असं तिचं म्हणणं. मला पटलं. मी म्हटलं, पोरगी इथं वाढली, तरी तिची नजर ताटावर आहे.

बाईंना स्वीडिश येत नाही. बूट, भाकरी, कापड असे पंधरावीस शब्द एका वहीत लिहून घेतलेले. बाकी आकडे सगळ्या देशांत सारखेच. पण सातारच्या कार्यालयाची पद्धत त्यांनी सोडली नाही. उतरवलेला प्रत्येक तक्ता दोघांनी तपासायचा. एकानं मूळ पानावरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं उतरवलेल्यावर टिक मारायची. दुसरा कोण? मी. शनिवारी सकाळी त्यांच्या डायनिंग टेबलावर आमचं चालायचं. बाई वाचणार, "बूट, पंचेचाळीस हजार दोनशे सात!" आणि मी टिक. एकदा पोस्टमनबाई दारात पार्सल घेऊन उभी राहिली आणि ऐकत बसली. तिला वाटलं, पूजा चाललीय. जाताना हात जोडून गेली.

अशा पद्धतीत चूक शिरणार कुठून? आता ऐका, कुठून शिरली ते.

स्वीडनच्या सरकारचं वर्ष आधी जुलैत सुरू व्हायचं आणि जूनमध्ये संपायचं. पुढं त्यांनी ठरवलं, जगासारखं जानेवारी ते डिसेंबर करू. आता हा सांधा जोडायचा कसा? तर मधलं एक वर्ष त्यांनी लांबवलं. पंच्याण्णवच्या जुलैपासून शहाण्णवच्या डिसेंबरपर्यंत, एकच वर्ष, अठरा महिन्यांचं! पानाच्या माथ्यावर तसं छापलेलंही होतं. महिन्यांची नावं स्वीडिशमध्येही ओळखू येतात. बाईंनी ते वाचलं आणि बोटांवर मोजलं. अठरा भरले.

आणि बाईंना त्यात काडीचं नवल वाटलं नाही!

का वाटावं? शहाण्णव साली आपल्याकडे अधिक आषाढ होता. बाईंना तो पक्का लक्षात, कारण लग्नानंतरचा पहिलाच अधिक. रवींद्ररावांना साताऱ्यात तेहेतीस अनारशांचं वाण मिळालं होतं आणि त्यांतले एकोणीस त्यांनी बसल्या बैठकीला संपवले होते. आपलं वर्ष तेरा महिन्यांचं झालं तरी त्याला वर्षच म्हणतात, नाही का? संवत्सराचं नाव तेच आणि पाडवाही एकच. मग स्वीडनचं अठरा महिन्यांचं झालं, तर होईना. थंडीचा देश आहे, एकदम सहा घालत असतील. बाईंनी आकडा जसाच्या तसा उतरवला, वर्षाच्या घरात 'पंच्याण्णव-शहाण्णव' लिहिलं आणि पुढं गेल्या. शनिवारी तो मला वाचून दाखवला. मी टिक मारली. छापलेलं आणि उतरवलेलं, तंतोतंत एक. आकडा खराच होता, मंडळी. वर्ष लांब होतं.

त्या तक्त्यांवरून इलानं आलेख काढला. रेषा सरळ चाललीय, चाललीय, आणि शहाण्णवला एकदम डोंगर. जेवण दीडपट, बूट दीडपट, कापड दीडपट! इलाचा आनंद गगनात मावेना. एकूण खर्चाला उतार लागलेल्या दिवसांत सैनिकाच्या ताटात मात्र दीडपट वाढलं, म्हणजे सरकार त्याला राखायला बघत होतं, असा तिनं सिद्धांत मांडला. जानेवारीत तिनं विचारलंही होतं, "काकू, नाइन्टी-सिक्स नीट चेक केलंत ना?"

"दोनदा," बाई म्हणाल्या. "छापल्याबरहुकूम आहे."

पद्मिनीबाईंनी दोनदा बघितलं म्हटल्यावर तिसऱ्यांदा कोण बघणार? इलानं त्या डोंगरावर भाषण लिहिलं आणि वॉशिंग्टनच्या परिषदेत ते व्हायचं होतं. एकवीस मे, गुरुवार. बाईंची नेमणूक तीस जूनला संपत होती. पुढच्या दोन वर्षांसाठी शेजारच्या देशांचं काम मंजूर व्हायच्या बेतात होतं आणि इला म्हणाली होती, "सोमवारी या काकू, साइन करून टाकते."

परिषदेच्याच आठवड्यातल्या त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, अधिक ज्येष्ठ लागला. सियाचं लग्न गेल्या वर्षी झालेलं, म्हणजे जावयाचा हा पहिला अधिक. जावई देवांग, राहणार व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नचा, मोठमोठ्या कॉम्प्युटरांच्या गोदामात नोकरी. दोघं सहा तास गाडी हाणत आली. बाईंनी तीन दिवस तांदूळ भिजवून, कुटून, गुळात पीठ मुरवून तेहेतीस अनारसे तळले होते. त्याआधीचे चार तुपात हसले, म्हणजे फुटून पसरले. ते मला आणि रवींद्ररावांना मिळाले. फुटलेला अनारसा जास्त चांगला लागतो, पण हे बायकांना सांगायचं नसतं.

देवांग पाटावर बसला. समोर तांब्याच्या ताटात अनारसे, वर दिवा. बाई ओवाळणार, तोच त्यानं विचारलं, "आई, हा एक्स्ट्रा महिना येतो कुठून?"

"अरे, चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडं. दरवर्षी मागं पडत जातं. मग तीनेक वर्षांनी एक महिना जादा घालायचा, की दोघांची गाठ पडते."

"ओके. म्हणजे सिस्टिम सिंक करतात." देवांगला पटलं. मग म्हणाला, "पण मग त्या वर्षाचं बजेट? ग्रोसरी थर्टीन मन्थ्सची लागणार ना?"

"लागणारच," रवींद्रराव म्हणाले. "तेरा महिने खाणार, तर धान्य तेरा महिन्यांचं नको?"

बाईंच्या हातातलं निरांजन थांबलं.

"अहो, काय म्हणालात?"

"धान्य म्हटलं."

"आणि अठरा महिने खाल्लं तर?"

"तर अठरा महिन्यांचं. दीडपट. त्यात काय एवढं?"

बाईंनी निरांजन सियाच्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि सरळ वरच्या खोलीत कॉम्प्युटरकडे गेल्या. जावई अर्धवट ओवाळलेला, कपाळाला कुंकू, समोर तेहेतीस अनारसे, आणि खायचे की नाही हे त्याला कुणी सांगेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खा रे बाबा, दिवा विझायच्या आत." बिचाऱ्यानं एक उचलला.

बाई खाली आल्या तेव्हा चेहरा पिठासारखा पांढरा. म्हणाल्या, "डोंगर नाहीच आहे. अठरानं भागून बारानं गुणलं, की सपाट."

आता रवींद्रराव हा माणूस चांगला आहे, पण आयुष्य कॉर्पोरेटमध्ये गेलं. ते म्हणाले, "हे बघ, घाबरू नकोस. उद्या सही आहे ना? आधी सही होऊ दे. मग दहा मिनिटांनी सांग. खोटं कुठं बोलतेस? क्रम बदलतेस फक्त."

"आणि नाहीच सांगितलं तर?" सिया म्हणाली. "हू विल चेक, आई? स्वीडनचे लोक येणारेत का?"

मी मान हलवली. खरं सांगतो, मलाही रवींद्ररावांचं पटलं होतं. दहा मिनिटांचा तर प्रश्न! पण टेबल जाईल, दिवा जाईल, पाटी जाईल, ह्याचा हिशेब त्या घरात फक्त एकाच माणसाला नीट कळत होता. बाईंनी उरलेले अनारसे डब्यात भरले. मोजून.

सोमवारी त्यांच्या गाडीत मीही होतो. सोमवारी आणि शुक्रवारी त्या मला विद्यापीठात नेतात. तिथल्या बागेत माझं फिरणं होतं आणि इलाच्या खोलीबाहेरच्या मऊ सोफ्यावर डुलकी. त्या दिवशी डुलकी लागली नाही. दार उघडंच होतं.

"या काकू, बसा! गुड न्यूज आहे. दोन वर्षं अप्रूव्ह झाली. नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड, सगळं तुमचं. आय जस्ट नीड टू साइन."

"पेन खाली ठेव."

ऑफिसात बाई तिला 'इला मॅडम' म्हणतात. मंडळाच्या संक्रांतीला 'अगं इला'. त्या दिवशी विद्यापीठात संक्रांत उतरली.

"काय झालं? काका बरे आहेत ना?"

"काका ठणठणीत आहेत. तुझा डोंगर पडला."

आणि बाईंनी सगळं सांगितलं. अधिक आषाढ, लांबलेलं वर्ष, बोटांवर मोजलेले अठरा महिने. काहीच वगळलं नाही. जानेवारीत 'दोनदा' म्हणाल्या होत्या तेही सांगितलं.

इला पडद्याकडे वळली. कीबोर्डचा टकटक आवाज आला, मग थांबला. भागाकार झाला असणार.

"एटीन मन्थ्स," ती म्हणाली. "आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"काकू! मग सांगितलं का नाहीत?"

"सांगण्यासारखं वाटलंच नाही गं. आमच्याकडे वर्ष लांबतं."

इलाच्या तोंडून एक आवाज आला. हसू की रडू, मला सोफ्यावरून कळेना. मग म्हणाली, "जुलै बदलून जानेवारी झाला हे मलाही माहीत होतं. कसा झाला, ते मी कधी बघितलंच नाही. सो धॅट्स ऑन मी." तिनं फाइल मिटली. "पण काकू, आज मी साइन नाही करू शकत. अजून कुठे असं झालंय का, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही."

"नाही माहीत," बाई म्हणाल्या.

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले. त्या बाहेर आल्या, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "चला अप्पा." तीनशे पंधरा नंबरच्या रस्त्यावर मी त्यांना बरं वाटावं म्हणून आमच्या गावच्या तलाठ्याची गोष्ट काढली. बाई म्हणाल्या, "अप्पा, आज नको." मंडळी, मी डब्लिनपर्यंत गप्प बसलो. माझ्या सुनेला हे अजून खरं वाटत नाही.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, बाईंचा स्वयंपाक बंद. रवींद्रराव डब्यातले अनारसे आणि दूध ह्यावर राहिले आणि तक्रार केली नाही, ह्यातच काय ते ओळखा. बाईंनी प्रत्येक पुस्तकाचं ते ते पान पुन्हा उघडलं आणि वर्ष कुठल्या तारखेला सुरू, कुठल्या तारखेला संपलं, ते हातानं कागदावर उतरवलं. एकोणीसशे पन्नासपासून आजपर्यंत, एकाखाली एक. मी टिक मारायला गेलो होतो, तर म्हणाल्या, "ह्या वेळी तुम्ही वाचा, मी टिक मारते. तुम्हाला अधिक महिन्यांची सवय आहे." मी म्हटलं, "तुम्हाला नाही वाटतं?" तर डोळे वटारले. म्हणजे तब्येत सुधारत होती.

दुसरं लांब वर्ष निघालं नाही. आखूडही निघालं नाही.

शुक्रवारी पुन्हा सोफा, पुन्हा उघडं दार. इला वॉशिंग्टनहून आदल्या दिवशीच परतली होती. बाईंनी आधी विचारलं, "कसं झालं?"

"ओके," इला म्हणाली. "तीस लोक होते. आधी डोंगर दाखवला, मग मीच पाडला. सगळे एकदम जागे झाले. मग उरलेली सपाट रेष दाखवली, तर पुन्हा झोपले. एकानंच प्रश्न विचारला, तो पण कॉफी कुठे आहे हा."

"आणि जेवणाचं? सैनिकाला वाढवून दिलं, म्हणाली होतीस ते?"

"वाढवलं नव्हतं. काही बदललंच नाही त्या वर्षी." इला हसली. "इट्स नॉट अ बॅड फाइंडिंग, काकू. देश घाबरला काय, निवांत झाला काय, ताट तेवढंच."

बाईंनी तारखांचे कागद टेबलावर ठेवले. इलानं एकेक पान उलटलं. घाई केली नाही. वरच्या दोन ओळी वाचून मान हलवणाऱ्यातली ती नाही. मधेच दोन पुस्तकं काढून स्वतः ताडून पाहिली. मी सोफ्यावर बसून माझ्या बुटांच्या नाड्या तीन वेळा बांधल्या. मग फाइल उघडल्याचा आवाज आला, आणि पेनाचा.

"झालं," इला म्हणाली. "टू यर्स. बारा-बारा महिन्यांची."

बाईंनी सहीखालची तारीख वाचून पाहिली.

"पण काकू, एक विचारू? सोमवारी पेन माझ्या हातात होतं. फाइव्ह मिनिट्स थांबला असतात, तर सही झाली असती. मग सांगितलं असतंत, तरी मी काही करू शकले नसते. का नाही थांबलात?"

पद्मिनीबाईंनी काय उत्तर दिलं, ते मी शब्दाला शब्द सांगतो, पदरचं एक अक्षर घालत नाही. त्या म्हणाल्या:

"अगं, तेच तर! सही झाल्यावर सांगितलं असतं, तर तुला मला ठेवावंच लागलं असतं. मग रोज सकाळी तू 'गुड मॉर्निंग काकू' म्हणालीस, की मी विचार करत बसले असते, ही मनात काय म्हणतेय? एवढं ओझं डोक्यावर घेऊन दोन वर्षं फिनलंडचे बूट कोण मोजणार? बरं, डेन्मार्कची पुस्तकं आली असतील तर आत्ताच दे. खाली गाडी मीटरवर लावलीय आणि वीसच मिनिटं उरलीत."